तीन महिन्यांची शुगर

माझ्या बायकोच्या मावसभावाइतका संशयी माणूस अख्ख्या रोह्यात शोधून सापडणार नाही, आणि त्या संशयापायीच मी आज हे लिहायला शिल्लक आहे. त्यांची तिथे रक्त तपासायची लहानशी लॅब होती. माणूस तोंडाने सांगतो ते सगळं खोटं आणि बाटलीत उतरतं तेवढंच खरं, असा त्यांचा ठाम समज. त्यामुळे ते कुणाला "कसे आहात?" असं कधी विचारत नसत. लग्नात हात हातात घेत तेव्हा आपुलकीनं घेतलाय असं वाटे, पण त्यांचा अंगठा कोपराच्या खोबणीत शीर चाचपत असे. पेणला माझ्या पुतणीच्या लग्नात सगळे नवऱ्यामुलाचा पगार विचारत होते आणि हे मला कानात म्हणाले, "शीर झकास हाय पोराची!"

पेणमध्ये गल्लोगल्ली लॅब असताना बायको मला साखर तपासायला दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी एसटीत बसवून रोह्याला पाठवायची. मीही कमी नव्हतो. तपासणीच्या आधी दोन दिवस कारली आणि भाकरी खाऊन मी साधुपुरुष होत असे. मेहुणे सुई टोचता टोचता हसत. "भावोजी, दोन दिवसांच्या सोवळ्यानं काय व्हतं? रक्तातल्या पेशी तीन-तीन महिने जगतात, साखर अंगाला चिकटवून फिरतात. गणपतीतले मोदक अजून आत बसलेत तुमचे." आणि खरोखरच बसलेले निघत.

दोन वर्षांपूर्वी मात्र चमत्कार झाला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सातच्या खाली आला तर एक गोळी बंद करू, असं पेणचे डॉक्टर म्हणाले होते. मी मेहुण्यांच्या खांद्यावरून मशीनमध्ये डोकावलो तर साडेपाच! मी तसाच उठून कोपऱ्यावरून पेढे घेऊन आलो. येऊन बघतो तर हे रिपोर्ट द्यायला तयार नाहीत. मशीन पुन्हा चालवलं, तरी साडेपाचच. "उपाशीपोटीची साखर दोनशे दहा आणि तीन महिन्यांची साडेपाच? दोघांतला एक खोटं बोलतोय." मी चिडलो. माझा आकडा, माझं रक्त, आणि हे कोण अडवणारे? त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि बाकावर बसलेल्या चार बायकांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "संडासला काळं व्हतं काय?"

होत होतं. गुडघ्यासाठी मी डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने दुखण्याच्या गोळ्या खात होतो, हेही मग कबूल करावं लागलं. हिमोग्लोबिन निघालं सात. पोटात जखम होऊन रक्त वाहून जात होतं. जुन्या पेशी निघून चालल्या होत्या आणि नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नव्हता, म्हणून तो गोड आकडा. मेहुण्यांनी शटर खाली ओढलं आणि मला रिक्षात घालून स्वतः हॉस्पिटलात नेलं. "अजून आठवडाभर काढला असता तर कठीण होतं," असं तिथल्या डॉक्टरांनी बायकोला सांगितलं. ती रडायला लागली, तर हे तिलाच ओरडले, "रडते काय गो? सापडलाय ना!" त्या माणसाचे आभार कसे मानायचे, हे मला अजून सुचलेलं नाही.

त्यांचा हात आता कापतो, म्हणून त्यांनी लॅब बंद केली. माझं रक्त पेणलाच एक गोड बोलणारी मुलगी घेते आणि रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो. तो मी मेहुण्यांना फोनवर वाचून दाखवतो. गेल्या आठवड्यात आकडा सहा पॉइंट नऊ आला. "आणि उपाशीपोटीची?" त्यांनी विचारलं. सांगितली. "हिमोग्लोबिन?" तेही सांगितलं. पलीकडून तिन्ही आकडे पुन्हा पुन्हा पुटपुटल्याचं ऐकू येत राहिलं. बायको ताट वाढून माझ्याकडे बघत उभी होती.

"जुळतंय," ते म्हणाले, आणि मग आम्ही दोघं जेवायला बसलो.