आजीचे बत्तीस दात आणि ओटा नंबर नऊ

तुमच्या आजीला दात किती होते, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता का?

मी सांगू शकते. माझ्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, चार होते. दोन वर, दोन खाली, आणि त्यांची आपसात कधी भेट झाली नाही. तरीही गेल्या वर्षी आमच्या चारकोप गावच्या समाजमंदिरात, गच्च भरलेल्या सभेसमोर, मी तिला बत्तीसच्या बत्तीस दात काढून हसताना दाखवलं. वर माईकवरून ओरडले, "आम्ही आणलंय फक्त सत्य!"

माझं नाव नम्रता. (नाव ठेवताना घरच्यांनी जरा घाई केली.) बाबा इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत कामगार, आणि युनियनची पत्रकं लिहिणारे. इतरांच्या घरी अंकलिपी असते, आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. माझा अ अननसाचा नव्हताच, तो अन्यायाचा होता. सातवीत शाळेच्या नळासाठी मी पहिलं पत्रक काढलं. त्यात मागणी एक आणि उद्गारचिन्हं अठरा. नळ आला नाही, पण मुख्याध्यापकांनी मला निबंधस्पर्धेतून काढून टाकलं. तो मी आजही विजय मानते!

आई मासळी बाजारात नऊ नंबरच्या ओट्यावर बसते. तिच्या आधी तिथे आजी बसायची. एक नंबरचा ओटा अगदी दारात, तो सुलूमावशीचा. आमचा बरोब्बर त्याच्या मागे. त्यामुळे गिऱ्हाईक आधी सुलूमावशीच्या हाती लागतं, आणि तिच्या तावडीतून जे जिवंत सुटतं ते आमच्याकडे येतं. आई आणि सुलूमावशी तीस वर्षं रोज भांडतात आणि दुपारी एका डब्यात जेवतात.

मग बाजार नव्याने बांधायचं ठरलं. कामावरच्या साहेबांनी येऊन नियम वाचून दाखवला. ज्या घरची बाई जुन्या ओट्यावर पिढीजात बसत आल्याचा पुरावा असेल, त्या घराला तळमजल्यावर तोच नंबर. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकून त्यांना वरच्या मजल्यावर पाठवणार. वरच्या मजल्यावर मासे! बोंबलासाठी जिना चढणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

आमचे जुने कागद ट्रंकेत होते आणि ट्रंकेत वाळवी होती. उरला एक फोटो, मी लहानपणी कधीतरी पाहिलेला. ओट्यावर बसलेली आजी, पुढ्यात पापलेटं, आणि ओट्याच्या कडेला रंगवलेला नंबर. सुलूमावशीकडे तर तेवढंही नव्हतं. ती चिठ्ठीच्या भरवशावर, तोंड पाडून बसली होती. (सुलूमावशी गप्प आहे म्हटल्यावर आईला दोन दिवस जेवण गेलं नाही.)

"फोटो साहेबाला दाखवू, झालं," आई म्हणाली.

"नुसता फोटो? आई, ही लढाई आहे लढाई!"

"मासे विकायचेत गं बाय, कसली लढाई?"

पण मी ठरवलं होतं. मी अंधेरीच्या एका ऑफिसात वेबसाइटसाठी अ‍ॅनिमेशन करते. आजीवर दोन मिनिटांचं अ‍ॅनिमेशन करायचं, सभेत मोठ्या पडद्यावर दाखवायचं, शिवाय वेबपेजवर टाकायचं, म्हणजे साहेबच काय, साहेबाचा साहेबही हलला पाहिजे! कथा तयार होती. समुद्र, होडी, टोपली डोक्यावर घेतलेली रेखाटलेली बाई, मग आजीचा खरा फोटो, आणि शेवटी कॅमेरा हळूहळू पुढे सरकत ओट्याच्या नंबरावर. पडदाभर नऊ!

आता एक गोष्ट कबूल करते. माझ्या ऑफिसातल्या टेबलासमोर लाल अक्षरांत एक कागद चिकटवलाय: 'फॉरवर्ड झालेला फोटो देऊ नका, मूळ फोटो द्या!' लहान फोटो ताणला की फुटतो, त्याचे चौकोन होतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावते. कधी कधी टेबलावर हात आपटून समजावते.

आणि घरी आईला काय म्हणाले? "तो फोटो मला पाठव ना."

आईने ट्यूबलाइटखाली फोटोचा फोटो काढला. मोबाइलमध्ये माझं नाव पटकन सापडेना, म्हणून तिने तो आत्याला पाठवला. आत्याला सवयच आहे. तिने डाव्या बाजूला भला मोठा गुलाब आणि खाली 'शुभ सकाळ' चिकटवून तो काकांना पाठवला. काकांनी जबाबदारीने गुलाब कापला, शुभ सकाळ कापली, आणि उरलेली आजी मला पाठवली.

उघडून बघते तर टपाल तिकिटाएवढी आजी! मोठी केली तर आजी कमी, चौकोन जास्त. नाकाचे चार चौकोन, पापलेटांचे सहा, आणि नंबराच्या जागी बाथरूमची फरशी.

शहाण्या माणसाने फोटो होता तेवढाच, छोटा, पडद्याच्या मधोमध ठेवला असता आणि तो गप्प बसला असता. पण पत्रकांवर वाढलेल्या माणसाला छोटं काही चालत नाही. रविवारी सकाळी पदर, म्हणजे ओढणी खोचून बसले.

आधी धार वाढवली. आजीच्या गालावर खवले आले. मग ती कमी करून फोटो मऊ केला. आजी धुक्यात गेली, आणि धुक्यातून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय असं वाटायला लागलं. मग त्यावरून रेघांचं चित्र काढून घेतलं. अशा चित्राची गंमत म्हणजे ते कितीही ताणा, फुटत नाही. आजी खरंच फुटली नाही. फक्त निवडणुकीच्या चिन्हासारखी दिसायला लागली.

आई कोलीम, म्हणजे बारीक जवळा, कालवता कालवता डोकावली. "कोण गं ही? हिला मत द्यायचंय?"

"आई, तू जा ना यार!"

"मूळ फोटो..." असं काहीतरी ती बोलत होती. मी हेडफोन लावले.

दुपारी मला एक एआय सापडलं, फाटक्या फोटोंना नवं करून देणारं. बटण दाबलं. दहा सेकंदांत आजी अवतरली! कातडी तुकतुकीत, केस जागच्या जागी, आणि ओठांआड बत्तीस शुभ्र दात. पापलेटांना डोळे आले. डोळ्यांना पापण्या आल्या. आणि ओट्याच्या कडेला, जिथे फरशी होती, तिथे आकडा! इतका स्वच्छ, इतका ठसठशीत, की तो कोणता आहे हे बघायचं राहूनच गेलं. अ‍ॅनिमेशन आधीच तयार होतं; जुन्या फोटोच्या जागी हा टाकला आणि मोकळी झाले.

बाबांना दाखवलं. बाबा चष्मा शोधत होते, तो नेहमीप्रमाणे डोक्यावर होता. तसंच डोळे बारीक करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ही कोण?"

"तुमची आई, बाबा!"

"माझ्या आईला चार दात होते. पाचवा माझ्या लग्नात पडला."

"दातांकडे नका ना बघू. आकडा बघा. आकडा स्पष्ट आहे की नाही?"

"स्पष्ट आहे. पण हे एवढं सगळं त्याने आणलं कुठून? फोटोत तर नव्हतं."

"कॉम्प्युटर अंदाज करतो, बाबा. जिथे माहिती नाही तिथे भरून काढतो."

बाबांनी मान हलवली. "नमे, माहिती नाही तिथे अंदाज भरला, तर त्याला आम्ही युनियनमध्ये अफवा म्हणायचो."

हे वाक्य मी एखाद्या पत्रकात वाचलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. बाबांनी घरात म्हटलं म्हणून फक्त खांदे उडवले.

सभेच्या दिवशी समाजमंदिर गच्च. पुढे टेबलामागे साहेब. पहिल्या रांगेत नवी साडी नेसलेली आई, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. शेवटच्या रांगेत सुलूमावशी. आमचं नाव पुकारलं आणि मी माईक हातात घेतला. (माईक मला कुणी दिला नव्हता. घेतला.)

"बंधूंनो आणि भगिनींनो! खोट्या कागदांनी कष्टकऱ्यांचे हक्क गिळले! आम्ही खोटं काही आणलेलं नाही! आम्ही आणलंय फक्त सत्य!"

दिवे मालवले. समुद्र आला, होडी आली, टोपलीवाली बाई आली. बायका कौतुकाने कुजबुजल्या. मग आजी आली. भिंतभर. बत्तीस दातांची.

बायका पुढे झुकल्या.

"अगो बाय," अंधारातून एक आवाज आला, "ही कनची हिरोइन?"

"ते जाऊ दे, पापलेटं बघ! पापण्या हायत त्यांना!"

मासळीवर आयुष्य काढलेल्या शंभरेक बायकांसमोर पापण्यांची पापलेटं दाखवू नयेत, हे मला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. "ताजी नाय वाटत." "ताजी काय, मासा तरी हाय का ती?" चर्चा रंगली. मी मात्र ठाम होते. नंबर येऊ दे, मग बघा! कॅमेरा पुढे सरकत गेला. आजीचे हात, ओट्याची कड, आणि पडदाभर, जमिनीपासून छतापर्यंत, झळझळीत आकडा.

एक.

नऊचा एक झाला होता! फरशीच्या त्या तुकड्यांना एआयने हवा तसा आकार दिला होता, आणि मी तो दोन मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनमध्ये, संगीतासह, सगळ्या गावाला दाखवला होता.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हिरे!" सुलूमावशी उभी होती. हिरा म्हणजे माझी आई. "तीस वर्षं माज्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवलास, मी बोलले नाय! आता माजा ओटाच लिहून घेतेस?"

"तू बोलली नायस? तू?" आई पण उभी राहिली. "आणि मी काय केलं? ही पोर करते सगळं!"

साहेबांनी दिवे लावायला सांगितले. माझा अर्ज वर धरला. "ताई, अर्जात ओटा नंबर नऊ. फोटोत एक. यातलं खरं काय?"

माईक माझ्या हातात होता. आयुष्यात पहिल्यांदा तो जड लागला. तांत्रिक बिघाड म्हणता आलं असतं. प्रोजेक्टरवर ढकलता आलं असतं. पण समोर बाबा बसले होते, आणि आता चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

"फोटो खोटा आहे," मी म्हणाले. "मूळचा नाही, मी खोटा केला. फुटला होता म्हणून दुरुस्त करायला गेले. दात खोटे, मासे खोटे, आकडा पण खोटा. एक नंबर सुलूमावशीचाच आहे. आमचा नऊ."

"म्हणजे तुमच्याकडे पुरावा नाही?" साहेबांनी पेन उचललं. "मग नाव चिठ्ठीत टाकू?"

मला जिना दिसला. जिन्यावरून टोपली घेऊन चढणारी आई दिसली. माईक मी आपणहून टेबलावर ठेवला. (हे माझ्या बाबतीत नोंदवून ठेवण्यासारखं आहे.)

"थांबा वो साहेब," आई म्हणाली. तिने मांडीवरची प्लास्टिकची पिशवी उघडली. आत दुसरी पिशवी. तिच्या आत वर्तमानपत्र. त्याच्या आत तळहाताएवढा, पिवळा पडलेला, कोपरा दुमडलेला फोटो.

"मूळ फोटो तुझ्याकडे आहे?" मी किंचाळले.

"मग कुठे असणार?"

"मग मला का नाही दिलास?"

"तू मागितलास कवा? पाठव म्हणालीस. पाठवला."

साहेबांनी फोटो खिडकीजवळ नेला. लहान होता, पण कुठेही फुटलेला नव्हता. चार दातांची आजी. पापणी नसलेली पापलेटं. आणि ओट्याच्या कडेला रंग उडालेला, शेपटी थोडी वाकडी, पण नऊ.

"आणि ही डावीकडची बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

डावीकडे? माझ्या फोटोत डावीकडे कुणी नव्हतं! माझ्या फोटोत डावीकडे आत्याचा गुलाब होता, जो काकांनी कापला होता. त्या गुलाबाखाली, पुढच्या ओट्यावर, एक बाई मागे वळून, हात उंचावून, तोंड उघडं टाकून बसली होती. माझ्या आजीवर ओरडत होती, यात शंकाच नाही. तिच्या ओट्यावर ठळक एक.

सुलूमावशी गर्दीतून वाट काढत आली. फोटो हातात घेतला. डावीकडच्या बाईवरून बोट फिरवलं.

"माजी आय," ती म्हणाली. "हिचा एक पण फोटो नाय माज्याकडे."

"म्हणून तर जपून ठेवला," आई म्हणाली. "तुज्यासारखीच भांडते बघ."

साहेबांनी दोन्ही नावांपुढे खूण केली. एक आणि नऊ, तळमजला.

मग तो फोटो मी स्वतः स्टेशनरीच्या दुकानात नेला, समोर उभं राहून मोठ्या आकारात स्कॅन करून घेतला, कडांसकट, डागांसकट, दुमडलेल्या कोपऱ्यासकट. वेबपेजवर आता तोच आहे. नंबरापर्यंत खुशाल मोठा करून बघा, एक चौकोन दिसणार नाही. ऑफिसातला लाल कागद मी काढून घरी आणला आणि आरशावर चिकटवला. बत्तीस दातांची बाई मात्र आईने फ्रेम करून हॉलमध्ये टांगली आहे. पाहुणे विचारतात, ही कोण? आई सांगते, "ती होय? ती नमीची आजी. आमची कुणी नाय." परवा सुलूमावशी बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "नमे, माज्या आयला पण लाव ना गं असले दात." गेल्या आठवड्यात मी एआयविरुद्ध चार पानी पत्रक काढलंय, आणि या एका मागणीसमोर मी हात टेकलेत.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे, आणि उद्गारचिन्हाशिवाय करते. घरात कुणाकडे जुना फोटो असेल तर आजच त्यांच्याकडे जा. 'पाठव' म्हणू नका. समोर बसा, फोटो हातात घ्या, कडेला कोण कोण आहे ते विचारा, आणि तसाच्या तसा स्कॅन करून ठेवा. आणि कुणी माझ्यासारखी हुशार बाई तो 'क्लिअर' करून देते म्हणाली, तर द्यायच्या आधी दात मोजून घ्या.