कागदावरचे तिघं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आमच्या सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डाला चार वॉर्डबॉय मंजूर होते, माणूस मात्र एकच. मी तिथला कारकून. वर पाठवायचा पदांचा तक्ता भरताना मंजूर पदांचा चार हा आकडा मी भरलेल्या पदांच्या रकान्यातही चुकून लिहिला, आणि चूक कळल्यावरही नोटिशीच्या भीतीनं पुढं दरवर्षी तोच उतरवत गेलो. कागदावर वॉर्ड भरलेला; मग नवा माणूस कोण धाडणार?

तो एकटा, न आलेल्या तिघांना खुशाल हुकूम सोडायचा. “ए दोन नंबर, दरवाजा धर! तीन नंबर, नुसता बसून खातो व्हय रे?” पेशंट टाके धरून हसायचे. मी दिसलो की विचारायचा, “क्या बाबूसाब, माझी तिघांची बारात कवा येणार?”

“प्रस्ताव गेलाय, चाचा,” मी म्हणायचो.

एकदा माझ्याच वडिलांना वरच्या मजल्यावर न्यायचं होतं आणि लिफ्ट बंद होती. “चार नंबर, बाबूसाबच्या अब्बाला पीछे से संभाल,” म्हणत त्यानं त्यांना एकट्यानं पाठीवर घेतलं. मागून मी चपला घेऊन चाललो. त्या दिवसापासून तो कमरेत वाकला तो वाकलाच. तिघांना शिव्या मात्र अजून ताठ देतो.

त्या शिव्या माझ्या वाट्याच्या आहेत, हे त्याला सांगायचं राहिलंय.