सुचिताच्या घराचा मास्टर पासवर्ड

लिफ्टचं दार लागलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार हसत हसत म्हणाले, "वहिनी, हा हिरामण कोण हो? दर शुक्रवारी असतो तुमच्याकडे. बारा ते पाच."

अंगावर पाल पडावी तसं सुचिताला झालं. माणूस येतो हे कुणी पाहिलं तर पाहिलं, त्याचं तिला काही नव्हतं. खांदेश्वरच्या त्या चौसष्ट फ्लॅटच्या सोसायटीत कुणाकडे कुठली भाजी शिजली तेही संध्याकाळपर्यंत कळतं. पण नाव? नाव तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. खाली गंगाराम वॉचमनच्या रजिस्टरमध्ये हिरामण नुसतं 'पाटील' लिहायचा, आणि नवी मुंबईत पाटील म्हणजे काय, दगड भिरकावला तर एखाद्या पाटलालाच लागेल. ती तिसऱ्या मजल्यावर उतरली आणि घरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायली.

सुचिता रेडीज ही घाबरट बाई नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. वय त्रेपन्न. चिपळूणहून लग्न होऊन आली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी प्राची नाशिकला सासरी. पावण्याच्या एमआयडीसीत वजनकाटे बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे ती बावीस वर्षं टेस्टिंगच्या टेबलावर बसते. काट्याच्या पोटात एक बोर्ड असतो, त्यात प्रोग्राम चढवायचा, वजन ठेवून बघायचं, चुकलं तर उतरवून परत चढवायचा. हिरामण त्याच कारखान्यात लेथवर होता. पावणे गावचाच, आगरी, बायको जाऊन बारा वर्षं झालेला. डब्यातलं कालवण एकमेकांकडे सरकवता सरकवता सुरू झालेली गोष्ट दोन वर्षांपूर्वी तो रिटायर झाल्यावरही थांबली नाही. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. तो मासळी घेऊन यायचा, साफ करून द्यायचा, ती रांधायची. जेवण, गप्पा, त्याची खुर्चीतली डुलकी, पाचचा चहा. त्या दोघांत आणखी काय होतं ते त्या दोघांचं. पण होतं, आणि सुचिता स्वतःशी तरी ते नाकारत नव्हती.

नावाचा उलगडा प्रितमने केला. हा नेटवाला, कुणाच्या तरी तक्रारीवर आला होता, तिने त्याला घरात बोलावून चहा दिला आणि नाव बाहेर कळलं कसं ते सरळ विचारलं.

"काकू, तुमच्या राउटरला जे फोन जोडले जातात त्यांची नावं यादीत येतात," तो म्हणाला. "तुमच्या पाहुण्यांच्या फोनचं नाव 'हिरामण' असणार. सोसायटीने एकगठ्ठा कनेक्शन घेतलंय ना, सगळ्या राउटरचा मास्टर पासवर्ड सेक्रेटरी साहेबांकडे आहे. बघत बसतात. कोण कधी आलं, कधी गेलं."

"चौसष्ट घरांचं?"

"टाइमपास त्यांचा."

"राउटर कुणाचा?"

"तुमचाच. पावती तुमच्या नावाची आहे."

"मग पासवर्ड माझ्याकडे का नाही?"

प्रितमने मान खाजवली आणि रिकामा कप खाली ठेवला. 

तिने हिरामणला फोनवर सगळं सांगितलं, आणि तिथेच चुकलं. तिला वाटलं तो चिडेल, दोन शिव्या हासडेल. झालं उलटंच. तो म्हणाला, "मी नाय येनार गो आता. तुजं नाव खराब व्हईल."

"माझ्या नावाचं मी बघते."

"तसं नाय. मना कोन काय बोलनार, माजं गावात सोताचं घर हाय. पन तुला त्याच लिफ्टमदी रोज उबं रावाचं हाय. नको गो. जाव दे."

फोन ठेवून ती रडली. दुःखाने नाही, रागाने. नवरा गेला तेव्हा जे कपाळी आलं ते तिने मुकाट सोसलं होतं, कारण तिथे भांडायला समोर कुणी नव्हतं. इथे होतं. एक रिकामटेकडा माणूस दुसऱ्याच्या घरात डोकावतो आणि घर मोडायची पाळी हिच्यावर? चोर तो चोर, वर शिरजोर!

पुढच्या शुक्रवारी घर रिकामं होतं. बारा वाजले, कुणी आलं नाही. साडेबाराला सुचिताने राउटर भिंतीवरून उतरवून डायनिंग टेबलावर ठेवला.

राउटर रीसेट करून नुसता पासवर्ड बदलून भागत नव्हतं, ते तिने आदल्या आठवड्यात करून पाहिलं होतं. बाहेरची लाईन जोडली की मास्टर पासवर्ड आपला परत येऊन बसायचा, मेल्या कोडग्यासारखा. पण राउटर म्हणजे तरी काय? एक बोर्ड आणि त्यावर चढवलेला प्रोग्राम. आणि प्रोग्राम उतरवण्या-चढवण्यात तिची हयात गेली होती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट मिळणारा, कुणाच्याही ताब्यात नसलेला एक प्रोग्राम असतो, तो चढवला की कंपनीचा जुना सगळा कारभार पुसला जातो. हे तिने चार दिवस बसून वाचलं. इंग्रजी अडलं तिथे डिक्शनरी घेतली.

लाईनची केबल काढली, मध्येच वीज जायला नको म्हणून राउटर इन्व्हर्टरवर लावला, राउटरच्या खालच्या स्टिकरवरचं मॉडेल आणि व्हर्जन बघून मोबाइलच्या नेटवरून लॅपटॉपवर फाइल उतरवून घेतली आणि राउटरवर चढवली. दिवे लुकलुकले. मग सगळे विझले आणि एकच लाल दिवा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लाल तो लालच. राउटर मेला.

"अगं माझे आई," ती मोठ्याने म्हणाली.

आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं नव्या पोरींना ती घोकवून घेत होती, वरच्या स्टिकरवर भरवसा ठेवायचा नाही, आतला बोर्ड बघायचा. आणि हिने काय केलं? नेटवाल्यांनी आपलं स्टिकर कंपनीच्या स्टिकरवर डकवलेलं होतं, ते वाचून मोकळी झाली! नखाने खरवडलं. खाली खरं व्हर्जन निघालं, एक आकडा पुढचं. चुकीच्या अंगाला चुकीचा सदरा घातला होता.

पण टेस्टिंगवाली बाई मेलेला बोर्ड टाकून देत नाही. मोबाइलच्या नेटवर तिने बरोबर फाइल उतरवली, लॅपटॉपला केबल लावली, रीसेटच्या भोकात टाचणी दाबून धरली आणि राउटर चालू केला. दहापर्यंत मोजलं. काही नाही. परत. काही नाही. तिसऱ्यांदा दिवा भराभर लुकलुकायला लागला आणि फाइल आत जाऊ लागली. तीन मिनिटं ती टेबलाला हातही न लावता उभी राहिली. मग चारही दिवे हिरवे झाले, आणि पडद्यावर नवं पान आलं: पासवर्ड ठरवा.

तिने ठरवला. लांबलचक. बिलावरचे कनेक्शनचे नाव-नंबर भरून लाईन जोडली, नेट सुरू झालं. मास्टर पासवर्ड आला नाही. येणार कुठून?

दोन दिवसांनी नंदकुमार दारात.

"वहिनी, तुमचा राउटर आम्हाला दिसत नाही."

"दिसायचाच नाही आता."

"असं कसं? सिक्युरिटीचा प्रश्न आहे. सोसायटीत कोण येतं-जातं कळायला नको?"

"खाली गंगारामचं रजिस्टर आहे. वाचा की."

त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, लपवण्यासारखं काही नसेल तर पासवर्ड द्यायला काय हरकत आहे?"

"तुमच्या बाथरूमला कडी आहे ना? तिथे काय लपवता?"

समोरच्या फ्लॅटच्या सुमेधाताई दारातून ऐकत होत्या, त्या फिस्सकन हसल्या. नंदकुमार लाल झाले. "मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल," म्हणाले आणि जिना उतरले.

"घ्या!" सुचिता वरून ओरडली. "मी पावती घेऊन येते, तुम्ही चौसष्ट घरांची यादी घेऊन या!"

दार लावलं तरी ते एक वाक्य मनातून जाईना. लपवण्यासारखं. लपवलंच होतं की तिने. दोन वर्षं. चोरी नव्हती, तरी चोरासारखं. कडी लावणं वेगळं आणि लाजून बसणं वेगळं. कडी तर आता लागली होती. ती परत लॅपटॉपसमोर बसली आणि एक शेवटचं काम केलं. मग हिरामणला फोन केला. "शुक्रवारी या. नाही आलात तर मी पावण्याला येईन आणि तुमच्या ओटीवर बसेन. बघा मग गाव काय बोलतं ते."

तो आला. हातात जिताडा मासा, चेहरा पडलेला. फोन त्याने गेटवरच बंद केला होता.

"चालू करा," ती म्हणाली.

"नको गो."

"करा म्हणते ना. वायफाय उघडा."

त्याने चष्मा लावला. आसपासच्या सगळ्या घरांच्या वायफायची नावं एकाखाली एक आली, आकडे, आडनावं, एकाच्या कुत्र्याचं नाव. आणि सगळ्यात वर, मराठीत: 'सुचिता आणि हिरामण'.

त्याने दोनदा वाचलं. "ह्ये… खाली सेक्रेटरीच्या घरात पन दिसल?"

"दोन मजले वर, दोन मजले खाली. जिन्यात फिरून बघून आले."

"काय केलंस गो तू बाय!"

"तुम्ही येता हे त्यांनी चोरून काढलं होतं. आता माझ्या तोंडून कळू दे."

 हिरामणने चष्मा काढून डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि म्हणाला, "पासवर्ड सांग."