शेवटून वाढणारी

माझी बायको गया पंगत शेवटून वाढायची. लग्न असो, बारसं असो, विहारातलं जेवण असो, वरणाची बादली हातात आली की ती तरातरा पंगतीच्या टोकाला जायची आणि तिथून उलटी यायला लागायची. पुढं बसलेले मानाचे पाहुणे हात पत्रावळीवर धरून वाट पाहत राहायचे. माझ्या पुतणीच्या लग्नात व्याही चिडले. मला बोलावून म्हणाले, "तुमच्या बाईले वाढता येत नाई काय?" मी जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याइले सांगा, पुढच्याची पत्रावळ कधी रिकामी राह्यत नाई. शेवटच्याची राह्यते." आणि वाढत राहिली.

हे तिला कुठून आलं ते मला ठाऊक आहे. लहानपणी गावच्या पंगतीत आमच्या लोकांना शेवटी बसवत, तेही अंगणाच्या बाहेर. तोवर वरणाचं नुसतं पाणी उरलेलं असे. छप्पन साली तिच्या बापानं दीक्षा घेतली आणि त्या पंगतीला जाणं बंद केलं. पण शेवटच्या जागेवरून पंगत कशी दिसते, हे ती विसरली नाही. मीही तिथंच बसलेला होतो. मी मात्र मोठेपणी पहिली जागा धरायला शिकलो.

चालण्यातही तेच. मी भरभर चालणारा. बाजाराला निघालो की मी पुढं आणि ती वीस पावलं मागं. वाटेत कुणी म्हातारी भेटली की गया तिच्या चालीनं चालायची. मी पुढं जाऊन बाभळीखाली बसायचो आणि ती आली की ओरडायचो. ती म्हणायची, "तुमच्या तोंडापेक्षा तुमची पाठच मले जास्त ओळखू येते." तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात खडीची कामं निघाली. त्या कामावर लोकांसाठी रांधायला आणि पाणी वाहायला शाळेच्या गुरुजींनी बारा जण जमवले. त्यात मी होतो, गया होती आणि सुखदेव होता. सुखदेव म्हणजे कुणब्याचा पोरगा, अंगानं धिप्पाड, बोलायला फाटक्या तोंडाचा. मंगरूळपीरहून जीप यायची, तिच्यातली गोड पिठाची सुकडी पोरांना वाटायची, मोठ्यांना लाल मिलो ज्वारीच्या कण्या शिजवायच्या. रांग लांबच्या लांब लागायची. गया पातेलं उचलायची आणि रांगेच्या शेपटाकडे जायची. तिथं म्हाताऱ्या, गरोदर बाया, तापानं फणफणलेले असत, ज्यांना धक्के मारून पुढं येता येत नव्हतं. पुढचे गडी शिव्या द्यायचे. सुखदेव त्यांच्यावर खेकसायचा, "गप ऱ्हाय बे. वयनीच्या हातचं पाह्यजे तर रांगेच्या मांगं जाय." चार दिवसांनी गडी आपणच म्हाताऱ्यांना पुढं उभं करायला लागले.

त्याच उन्हाळ्यात आम्ही गावची जुनी विहीर उपसली. गाळ काढायला दोर बांधून सुखदेव उतरला. वरून बांधकामाचा एक दगड निखळला आणि त्याच्या पायावर गेला. अकोल्याला पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विहिरीला पाणी लागलं. गाव अजून ते पाणी पितं. सुखदेव तिशीच्या आत कुबडीवर आला. त्याचं वावर त्याच्या भावानं करायचं आणि यानं धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसून पाहायचं.

चार-पाच वर्षं गेली. गुरुजींना कळलं की मुंबईला असा पाय बसवून देतात की त्यानं माणूस वखरामागं चालतो. पण जाणं-येणं, तिथं राहणं, पाय, एवढं कुणाच्या घरात नव्हतं. गुरुजी म्हणाले, "मदतीसाठी लोक शर्यत पळतात म्हणून पेपरात वाचलं. आपण दुष्काळातले स्वयंसेवक पळू. गावापासून शेलूबाजारापर्यंत, बाजाराच्या दिवशी." दोन कोसांची वाट. शेलूबाजारच्या एका अडत्याकडे आम्ही पैशाचं विचारायला गेलो. तो हसला. म्हणाला, "तुमी बारा जण होते न? बाराच्या बारा दुपारच्या एसटीच्या आंधी माह्या दुकानासमोर आले, तर सारा खर्च माह्याकडं. एकही कमी पडला तर काईच नाई." गुरुजींनी हो म्हटलं. आम्ही सगळ्यांनीच मान हलवली. बाहेर आल्यावर गया म्हणाली, "बारावा कोन?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बारावा सुखदेवच होता. इतक्या वर्षांत आम्ही त्याला मोजायचंच सोडून दिलं होतं.

गुरुजी परत जाऊन शब्द बदलून घ्यायला निघाले, तिनं अडवलं. "शेठनं बरोबर मोजलं. चुकलो तं आपण." सुखदेवाला सांगितलं तेव्हा तो बाजेवर उठून बसला. "मंग मले यावंच लागते. माह्या पायासाठी तुमी पळसान अन् मी का इथं माशा मारू?"

शर्यतीच्या दिवशी गयानं नऊवारीचा काष्टा घट्ट मारला. निघताना मला म्हणाली, "आज तरी मांगं पाहून पळा." गुरुजींनी शिट्टी वाजवली आणि मी सुटलो. खरं सांगतो, मला सुखदेव आठवला नाही. एसटी आठवली नाही. एवढंच डोक्यात होतं की पहिला यायचं. नाल्याच्या चढावर दोघं-तिघं माझ्या पाठीशी होते, मग त्यांचे पाय ऐकू येईनासे झाले. मला वाटलं, थकले. मी आणखी जोर केला.

बाजारात शिरलो तेव्हा लोक बाजूला होऊन पाहायला लागले. अडत्या गादीवरून उठून ओट्यावर आला. मी छाती फुगवून उभा. तो माझ्यामागं पाहत म्हणाला, "बाकीचे?" मी वळलो. रस्ता कोरा होता. एक बैलगाडी आणि धूळ. त्या वेळी मला जी लाज वाटली ती मी कुणाला सांगितली नाही, आज सांगतो.

चहावाल्याची घागर मागितली, भरली आणि खांद्यावर घेऊन उलटा पळालो. अर्ध्या वाटेवर ते दिसले. अकरा जण, बारीक रांगेत. सर्वांत पुढं सुखदेव. कुबडी टेकवायची, अंग झोकायचं, पुन्हा टेकवायची. काखेतून रक्त आलं होतं. गयानं आपल्या पदराची पट्टी फाडून कुबडीच्या डोक्याला गुंडाळली होती. त्याला कुणी धरलं नव्हतं, धरू देत नव्हता. बाकीचे त्याच्या मागं त्याच्याच चालीनं येत होते.

गयानं मला पाहिलं. म्हणाली, "पयले आले काय? बरं झालं. पानी आनाले एक मानूस पाह्यजेच होता."

सुखदेव हसायला लागला, मग सगळेच. मला रडू येत होतं. मी घागर घेऊन रांगेच्या शेवटाला गेलो आणि तिथून पाणी पाजत पुढं आलो.  तिनं ते पाहिलं.

शेलूबाजार दिसायला लागलं तेवढ्यात मागून एसटी आली आणि आमच्या अंगावर धूळ उडवून पुढं गेली. सुखदेव थांबला. म्हणाला, "वयनी, झालं. वापस चला." ती म्हणाली, "एसटीत काय तुहा पाय ठिवला होता? चाल."

आम्ही बाराही दुकानासमोर उभे राहिलो. अडत्यानं हात जोडले. "गाडी गेली, भाऊ. सबद म्हंजे सबद." गुरुजी वाद घालायला लागले. गया त्यांना म्हणाली, "राहू द्या, गुरुजी," आणि सुखदेवाला घेऊन बाजाराच्या अगदी टोकाला गेली. तिथं पोतं अंथरून मूठमूठ मिरची, अंबाडी घेऊन बसणाऱ्या बाया असतात. चांगल्या जागा त्यांना मिळत नाहीत. गयानं उरलेला पदर पसरला. एक म्हातारी सुखदेवाकडे पाहत म्हणाली, "हा तं कामावरचा खेकसणारा पोट्टा व्हय. मले रांगेत पुढं उभं करे." तिनं कमरेची पिशवी सोडली आणि होतं ते पदरात टाकलं. मग शेजारचीनं. मग भाजीवाले, मग भांडेवाले. त्या बायांनी दिल्यावर पुढच्याला नाही म्हणता येईना. असा पदर टोकापासून पुढं सरकत दुकानांपाशी आला तोवर अडत्या स्वतःच ओटा उतरून खाली उभा होता. मान खाली घालून म्हणाला, "माह्यं घेता काय, बाई?"

गया म्हणाली, "घेतो न, शेठजी. मांगं राह्यलेल्याले आमी सोडत नाई."

सुखदेवाला पाय बसला. पहिल्या दिवशी तो आमच्या अंगणात आला, टक् टक् वाजवत तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "वयनी, आता लाव शर्यत." पुढं त्यानं वखर धरला, लग्न केलं, पोरींची लग्नं केली. पाय झिजले की नवे आणले. पण तो टक् टक् आवाज आला की गया आत चहाचं आधण ठेवायची, कोण आलं ते न पाहता.

गया मागच्या उन्हाळ्यात गेली. आठ दिवस ताप होता. शेवटी शेवटी बोलत नव्हती, माझं बोट धरून होती. मी तिला म्हणालो की घाई करू नको. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला असं म्हणालो.

तिला नेताना पुढचा खांदा मी दिला. पोरं म्हणाली, बाबा, तुमाले झेपणार नाई. मी ऐकलं नाही. त्या दिवशीही मी पुढं होतो आणि ती मागं. नाल्याच्या चढावर माझ्या ध्यानात आलं की टक् टक् ऐकू येत नाही. ऊन फार होतं. लोक भरभर चालत होते. मी पाय रोवले.

"काय झालं, बाबा?" पोरगा म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो. "मांगचा येऊ द्या."

आम्ही तिला खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिलो. बराच वेळ लागला. मग आवाज आला, एक एक करत. सुखदेव घामानं भिजलेला आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. मी त्याला सगळ्यांच्या पुढं घातलं. तो चालायला लागला आणि त्याच्या चालीनं आम्ही सगळे.

पोचायला उशीर झाला. तिला चाललं असतं.