कावळा कुणाच्या हाकेला आला

निघायच्या दिवशी अण्णांनी रिक्षा करू दिली नाही. "बॅग आण इकडं, नदीच्या कडेनं चालत जाऊ." अण्णा म्हणजे माझे वडील, पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला, कोयनेकाठची ती पायवाट त्यांची रोजचीच. मी वाटभर लोकांचे आवाज काढत होतो. हेडमास्तर, कंडक्टर, शेवटी खुद्द अण्णा. ते हसले नाहीत. स्टँडवर एवढंच म्हणाले, "दोन वर्षं म्हणालायस. मग कायमचा ये."

त्याला सहा वर्षं झाली. तुम्ही पण असेच दोन वर्षांसाठी इकडं आखातात आला असाल, म्हणून तुम्हालाच सांगतो.

अण्णा जानेवारीत गेले. माझा पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला अडकलेला. आमची कंपनी हमरिया फ्री झोनमध्ये. तिथला एचआरवाला रोज म्हणे, "इन्शाल्ला, टुमॉरो." त्याची नक्कल रूमवर माझी हिट आहे, पण त्या आठवड्यात कुणी फर्माइश केली नाही. अग्नी चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी दिला.

दहाव्याला सुट्टी टाकून मी उजाडताच अल मजाजला खाडीकाठी गेलो. नदी नाही, पण पाण्याच्या कडेनं चालता तरी येतं. मोबाइलवर गावचा घाट दिसत होता. पिंड ठेवलेला, झाडावर कावळे, पण एकही खाली येईना.

तात्या हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. तासभर झाला. मग ते मोबाइलकडं वळले. "सुन्या, जीव तुझ्यात अडकलाय त्यांचा. कायमचा परत येतो म्हण."

मी आदल्याच आठवड्यात नव्या दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली होती. गावभरचे आवाज काढणारा मी, पण ते एक वाक्य तोंडातून निघेना.

लहानपणी दुसऱ्यांच्या दहाव्याला मी झुडपात लपून कावकाव करायचो आणि कावळे खरंच जमायचे. अण्णांनी एकदा कान पिळला होता, "मेलेल्या माणसाला फसवू नये."

"तात्या, मोबाइल पिंडाजवळ धरा," मी म्हणालो आणि भर रस्त्यात घसा खरवडून ओरडलो. खाडीकाठचा सिक्युरिटीवाला धावत आला. "भाईजान, तबियत ठीक है?" तेवढ्यात स्क्रीनवर काळं काहीतरी झेपावलं. "शिवला, शिवला," तिकडं सगळे म्हणाले. तात्या रडायला लागले.

"ठीक है भाई, खलास," मी म्हणालो आणि चालत सुटलो.

दिवसभर चाललो. नदीची वाट कुठंतरी पोचवते, ही खाडीभोवतीची गोल आहे, चालून चालून त्याच बाकाशी येतो. एक बाई सायकलवरच्या पोराला मराठीत ओरडत होती, "सावकाश, पडशील." पोरगा म्हणाला, "आय ॲम फाइन, मम्मा." पाय सुजले तरी बसावंसं वाटेना.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"कावळा तू बोलावलास ना?"

"तुला कसं कळलं?"

"तुझी कावकाव ओळखत नाही होय मी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे ह्यांच्या मनातलं राहिलंच."

इकडं मी कुणाचाही आवाज काढला तरी खपून जातो. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं, तिथं पकडला जातो. आई फोन ठेवत नव्हती. तिला काय ऐकायचंय, मला ठाऊक होतं.

मी विचारलं, "जेवलीस का?"