चार काठ्या आणि माझं लाटणं

मिनेसोटातल्या एका गोठलेल्या तळ्याच्या मधोमध आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर बसलो होतो आणि थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीने चहा पीत होतो… तीस वर्षं झाली त्याला. बर्फाला पाडलेल्या भोकांवर गळाच्या चार काठ्या मांडलेल्या. त्यातली कुठली झुकते याकडे दोघांचं लक्ष, त्यामुळे बोलणं असं काहीच नाही.

त्या काठ्या मुकुंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, शेजारच्या कार्लच्या गॅरेजमध्ये बसून केल्या होत्या. कार्लनेच शिकवलं. दोन मुठी झाडूच्या दांड्याच्या केल्या, आणि आणखी दोन हव्यात म्हणून माझं पुण्याहून आणलेलं शिसवी लाटणं मला न विचारता मधोमध कापलं… दोन दिवस मी पोळ्या केल्या नाहीत.

पण काठी मोठी हुशार. मुठीत एक बारीक लवचिक टोक बसवायचं, मधून आरपार बोल्ट घालायचा आणि तो दोन लाकडी पायांवर टेकवायचा. तराजूच्या दांडीसारखी ती आडवी राहते. मागचा नट केसभर पुढेमागे सरकवून तोल साधायचा. तिथले ते तव्यात अख्खे मावणारे मासे फार संशयी, जरा ओढ जाणवली की आमिष सोडून देतात. या काठीचं टोक मात्र अलगद खाली जातं आणि माशाला पत्ताही लागत नाही.

दोरी ज्यातून जाते त्या कड्या काठीला बांधायचं काम माझं. गाठ दिसता कामा नये, हे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने शिवणाच्या तासाला बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं. लाल रेशमी दोऱ्याने मी सगळ्या कड्या बांधल्या. कार्लने भिंग लावून गाठ शोधली… सापडली नाही. तेव्हा चारही काठ्या निम्म्या माझ्या आहेत, हे लक्षात असू द्या.

आता आम्ही इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला असतो. गेल्या मंगळवारी, चार दिवसांच्या कडाक्याच्या थंडीनंतर, मुकुंद लायब्ररीत जातो म्हणून निघाला. अकराच्या सुमारास रसिकाचा फोन आला. रसिका आमच्याच रस्त्यावर राहते, नागपूरची आहे, सकाळी कुत्र्याला तळ्याकडे फिरवायला नेते.

"काकू, तुम्ही लगेच या. काका बर्फावर चालताहेत."

मी घरातल्या स्लिपर्समध्येच पळाले. वय सहासष्ट, गुडघा दुखरा, आणि एक स्लिपर वाटेत कुठे गेली ते कळलंही नाही.

पोचले तेव्हा तो काठावर आला होता. रसिकाने एका हातात कुत्र्याचा पट्टा धरला होता आणि दुसऱ्या हातात त्याची बाही. परत येताना काठाशी बर्फ फुटला आणि त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. हाच बर्फ सहा पावलं आत फुटला असता तर… हे वाक्य मला अजून पूर्ण करता येत नाही.

दोन बोटं जाडीचा बर्फ! त्यात दोन भोकं पाडली होती माझ्या नारळ फोडायच्या कोयत्याने, आणि त्यांवर दोन काठ्या मांडल्या होत्या. खिशात मासेमारीचं लायसन्स मात्र होतं, तेवढी अक्कल शाबूत होती.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं काहीच नव्हतं. शेवटी म्हटलं, कार्ल दर वेळी पट्टीने बर्फ मोजायचा, वीतभर नसेल तर बादलीसुद्धा गाडीतून काढू द्यायचा नाही, विसरलास?

"कार्ल गेला," मुकुंद म्हणाला. "नऊ दिवस झाले. त्याच दिवशी आर्लीनची ईमेल आली होती."

आर्लीन म्हणजे कार्लची बायको. मी काही बोलणार इतक्यात तिकडे एक काठी झुकली… वर आली… पुन्हा झुकली. लाटण्याचीच. मुकुंदने माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल उचललं.

"नाही," मी म्हटलं.

तो थांबला. ती काठी झुकत राहिली आणि आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. नंतर बोटींच्या क्लबमधले एक गृहस्थ लांब आकडी घेऊन आले, लाकडी धक्क्यावर पालथे पडले आणि दोन्ही काठ्या ओढून घेतल्या. गळाला पंजाएवढा पर्च मासा होता. गळ मीच सोडवला आणि मासा पाण्यात सोडला.

आज आठवडा झाला, राग अजून तसाच आहे. नऊ दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता, आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगत होता. कार्ल माझाही शेजारी होता. माझी गाठ शोधणारा तो एकटाच माणूस… मलाही त्याच दिवशी, त्याच टेबलाशी रडायचं होतं. विचारलं तर म्हणे, तुला त्रास नको म्हणून. आणि त्या दिवशी बुडाला असता, तर तो त्रास नव्हता?

तर आता काठ्यांची वाटणी मी करणार आहे, कुणालाही न विचारता. लाटणं कापताना मला कुणी विचारलं होतं?

झाडूच्या दांड्याच्या दोन्ही आर्लीनला, पार्सलने. तिथे वीतभर बर्फ असतो आणि तो मोजणारी नातवंडं आहेत. लाटण्याची एक आमच्या लेकीला, केतकीला, रीडिंग शहरात… भिंतीवर लावायची, तळ्याकडे न्यायची नाही. लाल दोऱ्याचं उरलेलं रीळही तिलाच, बांधायला मी शिकवीन. जी झुकली ती माझी, डब्यांच्या फळीवर राहील. रसिकाला पुरणपोळ्या. आणि कुणाला तळ्याच्या वाटेवर निळी स्लिपर सापडली, तर ती मला.

मुकुंदला बादली. मागच्या गार्डनमध्ये उलटी घालून बसायचं. शेजारची दुसरी बादली माझी… थर्मासला झाकण अजूनही एकच आहे.