साळवेकाकांचा हळू आवाज

रविवारी सकाळी मी वह्या तपासत बसले होते आणि ग्रुपवर मेसेज आला, 'जय भीम. बाबा आज सकाळी चहा घेता घेता गेले.' साळवेकाकांच्याच फोनवरून त्यांच्या मुलानं तो पाठवला होता. काकांचं नाव, काकांचा फोटो आणि खाली 'बाबा गेले'... क्षणभर मला वाटलं, काकांनीच दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांची बातमी दिली आहे. मग उलगडा झाला. आणि झाल्यावर पहिला विचार मनात आला तो असा की काकांनी वाचून पाठवलेली शेवटची गोष्ट आपली अजून पूर्ण ऐकायची राहिली आहे. अशा वेळी कामाचा विचार यावा याची लाज वाटली, पण आला हे खरं आहे.

आम्ही पंधरा-वीस जण लहान मुलांसाठी गोष्टी वाचतो, रेकॉर्ड करतो आणि कुणालाही फुकट ऐकता याव्यात म्हणून इंटरनेटवर ठेवतो. आमच्यात एक नर्स आहे, एक रिक्षावाले आहेत, मारुंजीच्या भाड्याच्या खोलीतून वाचणारी आयटीतली मुलगी आहे. मी चिंचवडला शाळेत मराठी शिकवते. चुका काढणं हा माझा पेशाच, म्हणून वाचण्याऐवजी तपासणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. आलेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, अडखळणं असेल, कुकरची शिट्टी असेल तिथं खूण करायची आणि मग ती मंजूर करायची किंवा परत पाठवायची. माझं 'परत' ग्रुपमध्ये चांगलंच बदनाम आहे.

चार वर्षांपूर्वी नवे वाचक हवेत म्हणून आम्ही शाळेच्या हॉलमध्ये लोकांना बोलावलं, तेव्हा यशवंत साळवे कुरुळीहून दोन बस बदलून आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, हातात आमचाच छापील कागद, त्यातले अवघड शब्द अधोरेखित केलेले. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं प्रेस शॉपला काम करून निवृत्त झालेले. पत्रा दाबणाऱ्या त्या अजस्र यंत्रांशेजारी आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलणं यंत्राच्या वरच्या पट्टीत. 'एक होता ससा' हे पहिलंच वाक्य त्यांनी असं काही म्हटलं की गेटवरचा वॉचमन धावत आला. सगळे हसले. काकाही हसले आणि वॉचमनला म्हणाले, "काही न्हाई झालं भाऊ, ससा आलाय!" मी मात्र कागदावर लिहिलं : आवाज फार मोठा, बघू.

वाचन मात्र अस्सल होतं. धाराशिवकडची भाषा, हेल काढून बोलायची सवय आणि लांडगा, पैलवान, गडगडणारे ढग असलं काही गोष्टीत असेल तर बघायलाच नको. त्यांचा लांडगा ऐकून मुलं घरात आरडाओरडा करतात अशी प्रेमळ तक्रार आयांकडून यायची. 'ते मोठ्यांदा बोलणारे आजोबा' अशी त्यांना ओळख मिळाली. त्यांच्या सगळ्या गोष्टी आम्ही 'धमाल गोष्टी' या कप्प्यात टाकायचो. दुसरा कप्पा 'झोपेच्या गोष्टी' असा आहे. काकांना तिथं यायचं होतं, आणि मी येऊ देत नव्हते.

किती वेळा त्यांची गोष्ट परत पाठवली असेल! परत आलेल्या फाइलला ते 'रिजेक्शन' म्हणायचे आणि पुन्हा वाचलेल्या फाइलला 'रिवर्क'. "मॅडम, रिवर्क धाडलाय, बघून घ्या." त्यात राग नसायचा. तीस वर्षांत त्यांनी क्वालिटीवाल्यांची खूप बोलणी खाल्ली होती, त्यापुढे माझी काय कथा. एकदा मी लिहिलं, 'काका, आवाज कमी करा.' पुढच्या फाइलमध्ये ते कुठून तरी विहिरीच्या तळातून ओरडत असल्यासारखे ऐकू आले, आणि त्यांच्यापेक्षा जवळून फोडणीचा आवाज येत होता. फोन करून विचारलं तर म्हणाले, "तुमीच म्हणलात ना आवाज कमी करा? म्हणून फोन सैपाकघरात ठिवला आन् मी बाहेरच्या खोलीत बसलो." मी कपाळाला हात लावला. त्यांना म्हटलं, काका, फोन जवळच ठेवा, तुम्ही हळू बोला. त्यावर ते दुखावल्या आवाजात, म्हणजे दोन घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी हळूच बोलायलो की, मॅडम!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांना स्वतःचा हळू आवाज ऐकूच येत नव्हता. प्रेस शॉपनं त्यांच्या कानांतला तेवढा भाग कधीच नेला होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर मी नेहमी करते तेच केलं, उपदेश केला. म्हटलं, "काका, कशाला त्या झोपेच्या गोष्टींच्या मागे लागता? धमाल गोष्टी तुमच्यासारख्या कुणालाच जमत नाहीत." ते म्हणाले, "आमच्या घरात लेकरू झोपलं की मी गप बसायचं, असं होतं बघा. मी ड्यूटीवरून येऊन एक शब्द बोललो की पोरगं दचकून उठायचं. मग मंगल म्हणायची, तुमी बोलू नका. पोरगं मोठं झालं, त्याला लेकरं झाली, तरी तेच. एवढं आयुष्य गेलं, पण माझ्या बोलण्यानं कुणी झोपलंय असं झालं न्हाई..."

नंतर काही महिने त्यांनी झोपेची गोष्ट पाठवली नाही. मला वाटलं, नाद सोडला. पण काकांनी वेगळाच उद्योग चालवला होता. यंत्र बरोबर चाललंय की नाही हे ते कानानं नव्हे, हातानं ओळखायचे. प्रेसच्या अंगावर तळवा टेकला की कुठं काय सैल आहे ते कळायचं म्हणे. तोच तळवा आता ते स्वतःच्या गळ्यावर ठेवून वाचायला लागले होते. हाताला जास्त थरथर लागली की आवाज चढला, कमी लागली की बेताचा. समोर पलंगावर मंगलकाकू बसायच्या आणि बोटानं खूण करून वर-खाली सांगायच्या. हे सगळं गुरुवारी दुपारी, कारण त्या दिवशी शेजारच्या वर्कशॉपांना सुट्टी असते आणि गल्ली त्यातल्या त्यात शांत असते. हे सांगताना त्यांनी फोनवरच मला गळ्याला हात लावायला लावला. "बोला मॅडम काहीतरी. लागलं का हाताला?" मी 'लागलं' म्हटलं आणि खरंच लागलं.

मग ती गोष्ट आली. एका करडाला झोप येत नाही म्हणून ते झोप शोधायला निघतं, कडब्यात बघतं, विहिरीपाशी जातं, अशी साधी गोष्ट. शाळेतून घरी आले, जेवले आणि तपासायला घेतली. कानात इअरफोन घालून पलंगाला टेकले. करडू विहिरीपाशी पोचल्याचं आठवतं. त्यानंतर एकदम साडेपाच वाजलेले, चहाची वेळ टळलेली. मला वाटलं, दमणूक. दोन दिवसांनी निगडीहून घरी, रूपीनगरला येताना बसमध्ये पुन्हा लावली. करडू पुन्हा विहिरीपाशी पोचलं आणि मला कंडक्टरनं हलवून उठवलं, "ताई, देहू आलं. शेवटचा स्टॉप." उलटी बस पकडून घरी आले.

त्या आठवड्यात काकांचा फोन आला. "मॅडम, झाली का ऐकून?" तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. काका, दोनदा लावली आणि दोनदा झोपले, एवढंच तर सांगायचं होतं. पण सगळ्यांच्या चुका काढणारी मी तपासताना घोरते हे माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, "पूर्ण नाही झाली हो काका. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मी मंजूर करत नाही." ते म्हणाले, "असू द्या, असू द्या. सवडीनं ऐका." पुढच्याच रविवारी त्यांच्या मुलाचा तो मेसेज आला. नियमावर बोट ठेवून वागण्याचा मला आयुष्यात इतका पश्चात्ताप कधी झाला नाही.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कुरुळीला गेले. बाहेर मांडव होता, माणसं खूप होती, कंपनीतले जुने सोबती सगळे एकमेकांशी मोठ्या आवाजात बोलत होते. गर्दी ओसरल्यावर मंगलकाकूंनीच विचारलं, "ती करडाची गोष्ट पास झाली का हो?" मग मी सगळं सांगून टाकलं, विहीर, चहा, देहूचा स्टॉप, आणि रडले. काकूंनी माझा हात धरला. "पर ऐकून टाका आता," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी अंघोळ करून, लाकडी खुर्चीत ताठ बसून ऐकली. विहिरीच्या पुढे गेले. करडू सगळीकडे फिरून आईच्या कुशीत शिरलं आणि गोष्ट संपली. फाइल मात्र संपली नव्हती. थोडा वेळ काहीच नाही. मग काका म्हणाले, "मंगल, कसं झालं गं?" उत्तर नाही. जवळच कुणाचा तरी संथ, जरासा घरघरता श्वास. पुन्हा, "मंगल?" आणि मग, मी चार वर्षं ज्या आवाजासाठी त्यांचा जीव खाल्ला त्याहूनही हळू आवाजात, एकच शब्द, "झोपली."

त्यानंतरही त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं नाही. कितीतरी वेळ ते तसेच बसून राहिले असावेत. फोनकडे हात नेला तर खुर्ची वाजेल, म्हणून...

गोष्ट मंजूर केली. आमच्या नियमानं गोष्ट संपल्यावरचं सगळं कापायचं असतं. कापण्याआधी काकूंना फोन लावून तेवढा तुकडा ऐकवला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अगं बया, मी घोरायले व्हते की!" आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. मी म्हटलं, "काकू, हे शेवटचं काढून टाकते हं, मुलांसाठी नाही ते."

"नका काढू," काकू म्हणाल्या. "जल्मभर मीच त्यांना गप बसा म्हणत आले. आता बोलू द्या त्यांना."